पाचवीच्या पाटावरचं फूल

करावे गावात पुतळाबाईच्या वयाच्या जेवढ्या बायका होत्या, त्यातल्या निम्म्याअधिक एक जूनला जन्मलेल्या. निदान आधारकार्डावर तरी. पूर्वी पोराला शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारायचे, कधीचं पोर? बाप डोकं खाजवायचा, आभाळाकडे बघायचा, आणि मास्तर एक जून लिहून मोकळे व्हायचे. पुतळाबाई शाळेत गेली ती जेमतेम दोन वर्षं. अक्षरं विसरली, पाढे विसरली, पण त्या तारखेनं काही तिला सोडलं नाही. रेशनकार्डावर तीच, बँकेच्या पुस्तकावर तीच.

यंदा त्या तारखेच्या हिशेबानं ती सत्तर वर्षांची होणार होती, आणि तिच्या नातीनं, भाविकानं, आजीचा वाढदिवस करायचं मनावर घेतलं होतं.

भाविका फुलांचं काम करायची. डोहाळजेवण असो, हळद असो, फुलांचा मुकुट, बाजूबंद, कमरपट्टा असं सगळं घरीच बनवून द्यायची. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत सकाळपासून मोगऱ्याच्या कळ्यांचा ढीग पडलेला असे, आणि त्या ढिगाशेजारी भिंतीला टेकून पुतळाबाई. डोळ्यांना आता कमी दिसायचं, पण गजरा ओवायला तिला डोळे लागतच नव्हते. बोटं आपली चालत राहायची आणि मन भलतीकडेच कुठेतरी जाऊन यायचं.

मे महिन्यातली दुपार होती. पंखा गरम हवा ढवळत होता. भाविका मोबाइलमध्ये बघून कागदावर काहीतरी उतरवून घेत होती.

"आजी, आता नवीनच फॅड आलंय. जन्मफूल. प्रत्येक महिन्याचं एक फूल असतं. सीवूड्सच्या टॉवरमधल्या त्या श्रुती मॅडम आहेत ना, त्यांना जुलैमध्ये बाळ होणार. म्हणून त्यांना मुकुटात जुलैचं फूल पाहिजे."

"कनचं?"

"कमळ. कमळ म्हणजे मन स्वच्छ. ऑगस्टचं ग्लॅडिओलस, ते तलवारीसारखं उभं असतं बघ, म्हणजे हिंमत. आणि जूनचा गुलाब. गुलाब म्हणजे प्रेम." भाविकानं मान वर केली. "तू गुलाब, आजी. एक जून."

पुतळाबाई हसली. "ती तारीक मास्तराची. गुलाब मास्तराला दे."

"मग तुझं फूल कोणतं?"

"माजं जांबलं हाय."

बोलून गेली आणि तिचं तिलाच दचकल्यासारखं झालं. हातातली गाठ सुटली, चार कळ्या मांडीवर सांडल्या. हे आपण का बोललो, कुठून बोललो, तिला कळेना.

"जांभळं? कोणतं जांभळं?"

"मना काय ठाव."

भाविका फोन खाली ठेवून तिच्याकडे बघत राहिली, तशी पुतळाबाईनं जे आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही, ते सांगितलं. तिला एक स्वप्न पडायचं. त्यात काही घडत नसे. ती कुठेतरी उताणी निजलेली असायची. वर टोकदार कडांची हिरवी पानं, पानांच्या मधून आभाळ, आणि पानांच्या मधेच जांभळं जांभळं काहीतरी, वाऱ्यानं डुलणारं. कानाच्या अगदी जवळ पाणी वाजत असायचं, हळू, कुणी ओठ चाटावेत तसं. एवढंच. पण जाग यायची तेव्हा अंगभर असं सुख साचलेलं असायचं की उठून बसायला नको वाटायचं. लग्नाच्या आदल्या दिवशी पडलं होतं. मुलगा, रूपेश, पोटात असताना पडलं होतं. नवरा गेला त्या आठवड्यात पडलं, तेव्हा मात्र तिला त्या सुखाची लाज वाटली होती. आणि आता, या उन्हाळ्यात, ते आठवड्यातून दोनदा पडत होतं. परवा तर दुपारच्या डुलकीतसुद्धा.

"तुझ्या आईला कधी विचारलं नाहीस, मी कधी झाले म्हणून?"

"आय गेली तवा मी तीन वरसांची. कोनाला इचारू?"

आईचा फोटो नव्हता. लुगड्याची चिंधी नव्हती. बापानं दुसरा घरोबा केला आणि पुतळाला आत्यानं वाढवलं. आत्या मायेची होती, पण मेलेल्या माणसाचं नाव घेऊ द्यायची नाही. आई तापानं गेली आणि तिचं नाव चांगुणा होतं, एवढंच पुतळाला माहीत होतं. ते नावही गेल्या साठ वर्षांत तिनं कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"गावात तेव्हाचं कुणीच नाही?"

पुतळाबाईनं बोटांवर मोजत एकेक घर मनातल्या मनात फिरून बघितलं. ही गेली, ती गेली, तिच्यानंतर तीही गेली. मग एका बोटावर ती थांबली.

"भिमाबाय हाय. आमच्या शेजारची. तिला घनसोलीत दिली."

दुसऱ्या दिवशी दुपारी तीन वाजता भाविकानं आजीला स्कूटीवर मागे बसवलं, तिचा पदर नीट खोचला आणि दोघी घणसोलीला निघाल्या. पाम बीच रोडवर उन्हाच्या झळा पाण्यासारख्या हलत होत्या. डाव्या हाताला तिवरांची हिरवी रेघ संपता संपत नव्हती. पुतळाबाई नातीच्या कमरेला धरून बसली होती. सुकट विकायला हाच प्रदेश तिनं पायांनी तुडवला होता, रस्ता नव्हता तेव्हा. पण आज तिला तो कुणा दुसऱ्याच्या गोष्टीतल्यासारखा वाटत होता.

घणसोली गावात स्कूटी जेमतेम शिरेल अशी गल्ली होती. चार मजली घर, वरचे तिन्ही मजले भाड्यानं दिलेले, जिन्यात चपलांचा खच. खालच्या खोलीत कॉटवर भिमाबाई बसली होती. त्र्याऐंशी वर्षांची, वाळून काटकी झालेली, पण आवाज खणखणीत. नाकातली नथ अजून जागच्या जागी.

"कोन गो?"

"मी पुतळा. कराव्याची."

"चांगुनाची?"

पुतळाबाई दारातच थांबली. चौकटीला हात लावून उभी राहिली. साठ वर्षं कुणी न उच्चारलेलं नाव असं सहज, पाणी प्यायला मागावं तसं आलं होतं. आत येऊन ती भिमाबाईच्या पायाशी बसली. पाया पडायचंसुद्धा विसरली. भाविकाच पाया पडली आणि तिनंच विषय काढला.

"आजीला विचारायचंय, ती जन्मली तेव्हा कोणतं फूल फुललं होतं. तुम्हाला काही आठवतं का?"

"आटवतं का म्हंजे?" भिमाबाई भाविकावरच उखडली. "मी व्हते ना तिथं!"

मग ती पुतळाकडे वळली. "तुज्या आत्यानी सांगितलं नाय तुला?"

"नाय."

"मंग मना कवा इचारलंस नाय?"

लग्नकार्यात दोघी कितीदा भेटल्या होत्या. जेवलीस का, पोरं बरी का, गुडघे कसे हायत, यापलीकडे बोलणं गेलंच नव्हतं. जन्म ही काय विचारायची गोष्ट होती?

भिमाबाईनं कॉटवर मांडी घातली. टीव्ही चालू होता, तो भाविकानं उठून बंद केला. खोलीत एकदम गार झाल्यासारखं वाटलं.

"वैशाकाची अवस व्हती," भिमाबाई म्हणाली. "उदानाची भरती, आनि ओहटी पन तेवढीच मोटी. अशा वक्ताला कालवं चांगली गावतात. तुजी आय, माजी आय, आनखी दोगी जनी, फाटेच्या ओहटीला चिखलात उतरल्या. मी तेरा वरसांची. माज्या डोक्यावर टोपली. तुज्या आयला दिवस भरलेले, सगल्या बोलल्या, तू नको येऊस. तर ती बोलली, घरात बसून काय भिंतीला कालवं लागनार हायत?"

भाविका हसली. पुतळाबाई हसली नाही. ती भिमाबाईच्या तोंडाकडे अशी बघत होती की जणू त्या तोंडातून माणूसच बाहेर पडणार आहे.

"सूर्य वर आला नि पानी फिरलं. तेवढ्यात तिला कल आली. गाव लांब. पानी चढतंय, मागं घोट्याला हाय, फुडं पोटरीला. दोगींनी तिला काखंत धरली नि खारबांदावर आनली. बांदावर सगली मारांडी. तुला मारांडी ठाव नाय, पोरी. काटेरी पाला, कंबरंएवडं झाड, खाऱ्या पान्यात उगवतं. कोन जवल जात नाय. पन वैशाकात त्याला फुलं येतात. जांबली."

पुतळाबाईचा हात आपोआप गळ्यातल्या मण्यांवर गेला.

"बायांनी लुगडी धरली भवती. ऊन मी म्हनत व्हतं. तुजी आय त्या मारांडीला धरून वरडली नाय, एक हुंकार नाय. काटं हातात शिरलं तरी सोडलं नाय झाड. नि तू झालीस. झालीस ती रडंस ना. माज्या आयनी खाडीचं पानी ओंजलीत घेतलं नि तुज्या तोंडावर मारलं, तवा पयला ट्याहां केलास. सगल्या हसल्या. तुजी आय पन हसली. मंग तिथंच त्या झाडाच्या सावलीत आडवी झाली, तुला पोटावर घेऊन. पानी बांदाला लागलं व्हतं. आमी होडी येईस्तवर तितंच बसलाव."

भिमाबाई थांबली, पाणी प्यायली. बाहेर कुणीतरी जिन्यावरून धाडधाड उतरून गेलं.

"आनि पाचवीला काय झालं, ते ऐक. पाचव्या दिवशी सटवाय येते ना लिवाला. पाट मांडला, कोरा कागद ठेवला, बोरू ठेवला. तुज्या आजीनी तगरीची फुलं आनली. तर तुजी आय बाजंवरून उटली नि बोलली, ही नको. माज्या पोरीला मारांडीचं फूल ठेवा. आजी बोलली, काटेरी झाडाचं फूल कोन ठेवतं गो सटवीम्होरं? पोरीचं नशीब काटेरी लिवील ती. तर तुजी आय काय बोलली, ठाव हाय?"

भाविका गुडघ्यांवर पुढे सरकली.

"बोलली, सटवाय काय लिवील ते लिवील. कागद तिचा. पन फूल मी ठेवनार. मी जिला धरून उबी ऱ्हायले, तिचं फूल." भिमाबाईनं आपले दोन्ही तळहात पुढे केले, जणू अजून त्यावर ओरखडे होते. "आनि मना पिटाळली बांदावर. ओंजलभर फुलं आनली मी. हात रगतानी भरले. तिनी माज्या हातांना खोबरेल लावलं आनि पाटावर फुलं अशी वलीनी मांडली."

पुतळाबाई रडत होती, पण तिला स्वतःला ते कळलं नव्हतं. भाविकानं तिच्या हातात रुमाल दिला, तो तिनं नुसताच धरून ठेवला.

"मंग दर वैशाकात," भिमाबाईचा आवाज आता खाली आला होता, "मारांडी फुलली की ती तुला बांदावर न्यायची. झाडाखाली फडकं टाकून निजवायची. सोता कालवं फोडत बसायची शेजारी. मी बघितलंय. दोन वैशाक. का तीन. मंग ती गेली."

परतीच्या वाटेवर वाशीच्या सिग्नलला स्कूटी थांबली तेव्हा पुतळाबाई नातीच्या कानाशी वाकून म्हणाली, "ते सपान नाय गो. ती आयची मांडी हाय." सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले. भाविकाला डोळे पुसून मगच गाडी पुढे नेता आली.

अवस चार दिवसांवर होती. ते चार दिवस पुतळाबाई घरात होती आणि नव्हतीही. भाजी चिरता चिरता तिची सुरी थांबायची. सुनेनं दोनदा हाक मारली तरी तिसऱ्यांदा ओ द्यायची. रात्री झोप गाढ लागायची, आणि एवढे दिवस जे पाठ सोडत नव्हतं, ते स्वप्न एकदाही पडलं नाही.

तिचा दीर नामा अजून खाडीत जायचा. बाकी सगळ्यांनी जाळी टाकून दिली होती, पण नामाची एक लहान होडी होती आणि आठवड्यातून तीनदा तरी तो पाण्यावर असायचा. पुतळाबाई त्याच्या ओट्यावर जाऊन बसली.

"नामा, मारांडी कुटं फुलली हाय रं?"

नामानं विडी बाजूला ठेवली. "वयनी, मारांडी घेऊन काय करनार तू?"

"काय करायचं नाय. बगायची हाय."

वहिनीनं आजवर त्याच्याकडे काही मागितलं नव्हतं. नामानं थोडा विचार केला. जुना खारबांध कधीच पाण्याखाली गेला, म्हणाला. पण त्याचं एक टेपाड राहिलंय, तिवरांच्या आत. भरतीलाच होडी पोचते. अवसेला पाणी मोठं असेल, तेव्हा जाऊ.

अवसेच्या दिवशी दहाच्या सुमारास पाणी चांगलंच चढलं. भाविका पहिल्यांदाच होडीत बसत होती. खाडीकाठी जन्म गेला, पण तिची खाडी म्हणजे रोहित पक्षी आले की फोटो काढायची जागा. ती कडेला घट्ट धरून बसली. पुतळाबाई मात्र होडीत पाय ठेवला तशी हलकी झाली. मागे सीवूड्सचे टॉवर उन्हात पांढरे पडत गेले, मग धुरकट झाले, मग तिवरांनी ते पुसूनच टाकले.

आत शिरल्यावर आवाजच बदलला. वल्ह्याचा, पाण्याचा, आणि चिखलातून वर येणाऱ्या बुडबुड्यांचा. तिवरही फुलला होता. त्याची पिवळी, मोहरीएवढी फुलं पाण्यावर सांडलेली, आणि त्यावर मधमाश्यांची एकसुरी गुणगुण. हवा घट्ट होती, मीठ आणि मध एकत्र कालवल्यासारखी. फांद्यांत प्लास्टिकच्या पिशव्या अडकलेल्या होत्या, त्याही त्या हिरव्या उजेडात कसल्याशा झुंबरासारख्या दिसत होत्या. भाविकाला वाटलं, आपण खूप वेळ झाला आत आहोत. घड्याळात दहा मिनिटंच झाली होती.

"ती बघ," नामा म्हणाला.

टेपाड म्हणजे मातीचा एक लांबट उंचवटा, खोलीएवढा. त्याच्या कडेनं दाट झाडोरा पाण्यावर झुकलेला. चकचकीत हिरवी पानं, प्रत्येक पानाच्या कडेला काटे. आणि शेंड्याशेंड्यावर उभे तुरे. फूल मोठं नव्हतं. एकच रुंद पाकळी, जीभ काढल्यासारखी खाली वळलेली, आणि तिचा रंग असा की निळा म्हणावा तर जांभळा दिसे, आणि जांभळा म्हणावा तर निळा.

पुतळाबाई कितीतरी वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नामा, होडी झाडाखाली घाल."

"काटं लागतील, वयनी."

"घाल."

नामानं वल्ह्यानं रेटा देऊन होडीचं टोक झुकलेल्या फांद्यांखाली घातलं. पुतळाबाईनं पदर काढून डोक्याखाली घडी केली आणि सत्तर वर्षांची ती बाई होडीच्या तळाशी, ओल्या फळ्यांवर, हळूच उताणी झाली.

"आजी! काय करतेस? बरं वाटत नाही का?"

"गप, पोरी," नामा म्हणाला. का म्हणाला ते त्यालाही सांगता आलं नसतं.

वर टोकदार कडांची पानं होती. पानांच्या मधून आभाळ. मधे जांभळं, डुलणारं. कानाशी, फळीच्या पलीकडे, पाणी होडीला चाटत होतं. पुतळाबाईनं डोळे मिटले नाहीत. होडी भरतीबरोबर इंच इंच वर चढत होती आणि फुलं इंच इंच जवळ येत होती. एका क्षणी एक पाकळी तिच्या कपाळाला टेकली. तिच्या ओठांतून एक शब्द निघाला. भाविकाला तो ऐकू आला, पण तिनं तो नंतर कधीही, कुणालाही सांगितला नाही.

पाणी उतरायच्या आत निघायला हवं होतं. उठताना पुतळाबाईनं स्वतःच्या हातानं फुलं खुडली, पाच. हाताला काटे लागले. तिनं ते काढलेही नाहीत.

घरी आल्यावर तिनं सुनेकडे पाट मागितला. पुढच्या खोलीत, मोगऱ्याच्या ढिगाशेजारी, तो मांडला. त्यावर भाविकाच्या वहीतला एक कोरा कागद आणि पेन ठेवलं, आणि समोर पाच फुलं ओळीनं मांडली. फुलं तोवर मलूल झाली होती. त्यांचा रंग शाईसारखा गडद झाला होता.

"आता सटवाई काय लिहिणार, आजी?" भाविकानं हळूच विचारलं. "सगळं तर लिहून झालं."

"तिचं लिवून झालं. आता तू लिव."

"काय लिहू?"

"चांगुना लिव."

भाविका पाटासमोर बसली. काय लिहायचं ते सोपं होतं, पण तिनं पेन दोनदा उचलून खाली ठेवलं. या बाईचं नाव कुठल्याच कागदावर कधी आलं नव्हतं. सातबाऱ्यावर नाही, रेशनकार्डावर नाही, गावाच्या देवळातल्या देणगीदारांच्या पाटीवर तर नाहीच. तिनं मोठ्या, गोल अक्षरात लिहिलं: चांगुणा. पुतळाबाईला वाचता येत नव्हतं. तिनं अक्षरांवरून बोट फिरवलं, एकदा, दोनदा, आणि विचारलं, "हे 'चां' कनचं?"

संध्याकाळी रूपेश तळोज्याच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आला. पुतळाबाईचा हा एकुलता एक मुलगा. अठ्ठेचाळीस वर्षांचा, कमी बोलणारा. बूट काढता काढता त्याला पाट दिसला.

"ही चांगुणा कोण?"

"तुजी आजी," पुतळाबाई म्हणाली. "माजी आय."

रूपेश एका पायात बूट तसाच ठेवून उभा राहिला. "मला तू कधी बोलली नाहीस."

"मना तरी कुटं ठाव व्हतं सगलं."

तो पाटासमोर बसला आणि तिनं त्याला पहिल्यापासून सांगितलं. कालवं, ओहटी, बांध, ओंजळीतलं पाणी. भिमाबाईच्या तोंडचं वाक्य सांगताना तिनं नकळत भिमाबाईचाच आवाज काढला. रूपेश ऐकत होता. शेवटी त्यानं विचारलं, अगदी लहान पोरासारखं, "आणि माझ्या पाचवीला काय ठेवलेलंस?"

"तुज्या येलेला भाताचं आवन लावून झालं व्हतं. शेतात गुडगाभर पानी. आनि बांदावर तेरडा. तोच ठेवला." तिनं खिडकीबाहेर, टॉवरच्या दिशेला हात केला. "तिथं व्हता आपला बांद. लिफ्ट हाय ना, तिथं."

रूपेशनं पायातला दुसरा बूट काढला आणि तो खिडकीशी जाऊन उभा राहिला.

एक जूनला भाविकानं केक मागवला. गल्लीतल्या बाकी एक जूनवाल्यांनाही बोलावलं. सगळ्या मिळून सहा जणी आल्या, नवी लुगडी नेसून, केसांत भाविकानं दिलेले गजरे माळून. ओट्यावर चटई टाकली. आधी सगळ्या लाजत होत्या. मग पुतळाबाईनं मारांडीची गोष्ट सांगितली आणि जे काही त्यांच्या आत इतकी वर्षं गपगार बसलं होतं, ते हलायला लागलं.

हौसाबाई म्हणाली, माझी आई सांगायची, तू झालीस तेव्हा पांगारा लाल फुलांनी पेटला होता, म्हणजे मी शिमग्याची असेन. दुसरीला केवड्याचा वास आठवत होता, बाळंतिणीच्या खोलीत कुणीतरी आणून ठेवलेला. एकीनं ठासून सांगितलं की तिच्या पाचवीला दोडक्याचं फूल होतं, कारण दारात तेवढंच होतं, आणि सगळ्या खो खो हसल्या, तीही हसली. भाविका एकेकीचं लिहून घेत होती. नाव, फूल, आईचं नाव.

शेवटी ठमाबाई राहिली. ती इतका वेळ गजऱ्याच्या टोकाशी चाळा करत बसली होती.

"माजं नको लिवू," ती म्हणाली. "मना कोनीच सांगितलेलं नाय. सांगनारं कोन ऱ्हायलंच नाय."

पलीकडच्या टॉवरमधे एकेक खिडकी उजळायला लागली होती. पुतळाबाई सरकत सरकत ठमाबाईच्या शेजारी जाऊन बसली.

"ठमे, पैलं काय आटवतं तुला? अगदी पैलं."

"काय नाय गो."

"डोलं मिट."

ठमाबाईनं डोळे मिटले. रूपेश चहाचा ट्रे घेऊन दारात आला आणि तिथंच थबकला.

"पांडरं," ठमाबाई डोळे न उघडता म्हणाली. "पांडरं, बारीक... खाली पडलंय सगलं, पायाखाली. मी येचतंय. कोनीतरी माजा ओचा धरलाय, पडू नये म्हनून."

"बकुल," हौसाबाई कुजबुजली.

"का कुडा," दुसरी म्हणाली.

"थांबा, तिला बघू द्या," पुतळाबाई म्हणाली.

ठमाबाई बघत होती. तिच्या मिटल्या डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या होत्या, आणि ओचा धरणाऱ्या हाताकडे मान वळवावी तशी तिची मान किंचित मागे वळली होती. कुणी घाई केली नाही. चहा निवला. केकची आठवण कुणालाच राहिली नाही. तो दुसऱ्या दिवशी सकाळी रूपेशनं कापला आणि शिफ्टला जाता जाता सहा घरांत नेऊन दिला.